स्वतःचा पंचनामा

एक छोटी गोष्ट करून बघा. मागच्या आठवड्यात तुम्ही कोणाशी तरी तुटकपणे बोलला असाल. तेव्हा नेमके कोणते शब्द वापरले होते? आणि तसं का बोललात?

पहिल्या प्रश्नावर बहुतेक जण अडखळतात. शब्द आठवत नाहीत, समोरचा काय म्हणाला होता तेही धड आठवत नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र जिभेवर तयार असतं. 'सुरुवात त्यानेच केली होती.' 'मी थकलो होतो.' 'मला खोटं बोललेलं खपत नाही, स्वभावच आहे माझा.' म्हणजे जे घडलं ते धूसर आणि ते का घडलं ते लख्ख. खरं तर उलटं असायला हवं होतं. शब्द आपण स्वतःच्या कानांनी ऐकले होते. कारण कोणी पाहिलं होतं?

'रोज थोडा वेळ स्वतःच्या आत डोकावा' हा सल्ला आपण लहानपणापासून ऐकतो. सल्ला वाईट नाही, पण 'डोकावा' हा शब्द फसवा आहे. जणू आत एक खोली आहे, दिवा लावलेला आहे, आपण फक्त खिडकीशी जाऊन उभं राहायचं आहे. मनाचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या पन्नासेक वर्षांत जे शोधून काढलं, त्यातून दिसतं ते असं की त्या खोलीच्या बऱ्याच भागात आपल्याला प्रवेशच नाही. आणि दाराशी एक हजरजबाबी प्रवक्ता बसलेला आहे. त्यालाही आतलं फारसं माहीत नसतं, पण 'मला माहीत नाही' हे वाक्य काही त्याच्या तोंडून निघत नाही.

या प्रवक्त्याची ओळख करून घेतल्याशिवाय रोजच्या आत्मपरीक्षणाला बसलं, तर आपण रोज त्याचंच भाषण ऐकून उठतो.

चार सारखे मोजे

1977 साली रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला एक प्रयोग अगदी साधा होता. एका दुकानात टेबलावर नायलॉनच्या लांब पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारलं, यातला सगळ्यात चांगला कोणता? अगदी डावीकडचा निवडणारे 12 टक्के निघाले, अगदी उजवीकडचा निवडणारे 40 टक्के. का निवडला, असं विचारल्यावर लोकांनी वीण, पोत, तलमपणा अशी कारणं दिली. चारही जोड हुबेहूब सारखे होते. निवडीवर परिणाम झाला होता तो मांडणीतल्या जागेचा. 'जागेमुळे तर निवडला नाही ना?' असं स्पष्ट विचारलं तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी ते झटकून टाकलं. काहींनी तर विचारणाऱ्याकडे 'याचं काही खरं नाही' अशा नजरेने पाहिलं.

ही माणसं खोटं बोलत नव्हती, हे लक्षात घ्यायला हवं. त्यांना खरोखरच वाटत होतं की वीण बघून निवडलं.

2005 साली स्वीडनमध्ये पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून खट्याळ प्रयोग केला. दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे, जास्त आकर्षक कोणता ते विचारायचं, आणि निवडलेला फोटो हातात देताना जादूगाराच्या हातचलाखीने भलताच, न निवडलेला फोटो द्यायचा. मग विचारायचं, हा का आवडला? अदलाबदल झालेल्या वेळांपैकी फार तर पावभागात ती लोकांच्या लक्षात आली. बाकीच्या वेळी लोक जो चेहरा त्यांनी नाकारला होता, तो का आवडला हे छान समजावून सांगत होते. कोणी हसण्याचं कौतुक केलं, कोणी कानातल्यांचं. आणि मुळात निवडलेल्या चेहऱ्याच्या कानात काही नव्हतंच.

प्रवक्ता सगळ्यात उघडा पडला तो मेंदूच्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये. अपस्माराचे झटके आटोक्यात आणण्यासाठी काही रुग्णांच्या मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा तंतूंचा जाडजूड पट्टा कापला जाई. मायकेल गॅझॅनिगा आणि सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात अशा एका रुग्णाच्या डाव्या अर्धगोलाला कोंबडीचा पंजा दाखवला आणि उजव्याला बर्फाने झाकलेलं घर. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं चित्र निवडायला सांगितलं. डावा अर्धगोल उजवा हात चालवतो आणि उजवा अर्धगोल डावा. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्या हाताने फावडं. दोन्ही बरोबर, बर्फ उपसायला फावडंच लागतं. पण बोलण्याचं काम करणाऱ्या डाव्या अर्धगोलाने बर्फ पाहिलंच नव्हतं. फावडं का, असं विचारताच रुग्णाने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं की कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं ना!

मला हे उदाहरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं होतं. नंतर स्वतःच्या दिवसातली खुराडी दिसायला लागली आणि हसू जरा ओसरलं.

यामागचं साधं तत्त्व असं: मन काय करतं याचा निकाल आपल्याला कळतो, ते कसं करतं हे कळत नाही. तुमच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षकांचं नाव आठवा. आठवलं? कसं आठवलं ते आता सांगा. कुठे शोधलंत, कोणता कप्पा उघडलात? नाव 'आलं', एवढंच आपण सांगू शकतो. आवड, राग, भीती, निर्णय यांचंही पुष्कळसं तसंच आहे. ते येतात, आणि आल्यावर आपण त्यांना पटेल असा इतिहास जोडतो. तो जोडताना कच्चा माल वापरतो तो 'माणसं साधारण कशामुळे असं वागतात' या सर्वसामान्य समजुतीचा. म्हणून आपल्या वागण्याची आपण दिलेली कारणं आणि एखाद्या त्रयस्थाने अंदाजाने दिलेली कारणं पुष्कळदा सारखीच निघतात.

मग काय दिसतं?

हे सगळं वाचून 'मग स्वतःकडे बघण्यात अर्थच नाही' असं वाटेल. तसं नाही. आपल्याला कारण नीट दिसत नाही, पण इतर बऱ्याच गोष्टी दिसतात: आत्ता छातीत धडधडतंय का, लक्ष कुठे जातंय, तोंडून कोणते शब्द गेले, त्यानंतर आपण काय केलं. या गोष्टींचे आपण पहिल्या रांगेतले साक्षीदार आहोत. फक्त साक्षीदाराने साक्ष द्यावी, निकालपत्र वाचू नये.

सिमीन वझीरे यांनी 2010 मध्ये केलेल्या अभ्यासाने ही वाटणी आणखी स्पष्ट केली. माणसाने स्वतःबद्दल सांगितलेलं, त्याच्या मित्रांनी सांगितलेलं आणि प्रत्यक्ष चाचण्यांत दिसलेलं त्यांनी ताडून पाहिलं. आतल्या आत घडणाऱ्या गोष्टी, म्हणजे काळजी, अस्वस्थता, स्वतःबद्दलची शंका, यांत माणूस स्वतः जास्त अचूक निघाला. बुद्धी, कल्पकता अशा ज्यांच्याशी 'मी चांगला की वाईट' हा प्रश्न चिकटलेला असतो, त्यांत मित्र जास्त अचूक निघाले. आपण किती बोलके आहोत हे मात्र दोघांनाही सारखंच कळतं. याचा व्यवहारातला अर्थ असा की स्वतःची ओळख हे एकट्याने उरकायचं काम नाही. त्याकडे पुढे येतो.

'का' विचारण्याची किंमत

आत्मपरीक्षणाला बसलेला माणूस सगळ्यात आधी 'का' विचारतो. मी असा का आहे? मला हे का जमत नाही? प्रवक्ता याच प्रश्नाची वाट बघत असतो.

विल्सन यांनीच सहकाऱ्यांबरोबर 1993 मध्ये विद्यार्थ्यांना भिंतीवर लावायची पोस्टर्स भेट म्हणून निवडायला दिली. काहींना आधी 'हे का आवडतं, हे का नाही' याची कारणं लिहायला लावली, काहींना नुसतं निवडू दिलं. कारणं लिहिणाऱ्यांनी गमतीदार चित्रं आणि मजकुराची पोस्टर्स जास्त उचलली, कारण विनोद का आवडला हे सांगणं सोपं असतं. एखाद्या निसर्गचित्रासमोर मन का रेंगाळतं हे सांगता येत नाही. काही आठवड्यांनी चौकशी केली तेव्हा कारणं लिहिणारेच आपल्या निवडीवर कमी खूश होते. जे शब्दांत सहज बसतं ते खरं कारण वाटतं, आणि आपण त्याच्या मागे जातो.

पोस्टरचं काय एवढं, भिंतीवरून काढता येतं. 'का'चा दुसरा धोका मोठा आहे. मन उदास असताना हा प्रश्न विचारला की चक्र सुरू होतं. मराठीत यासाठी फार नेमका शब्द आहे: उगाळणं. सहाणेवर तेच खोड तसंच घासत राहायचं. चिंतन वेगळं आणि उगाळणं वेगळं, पण बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. माणूस शांत बसलेला असतो आणि स्वतःबद्दल विचार करत असतो.

सुझन नोलन-होक्सेमा यांनी आयुष्यभर या उगाळण्याचाच अभ्यास केला. त्यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची आणि दुःख आलं की ते काय करतात याची माहिती प्रश्नावलीतून घेतली होती. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ऑक्टोबर 1989 मध्ये, त्या भागात मोठा भूकंप झाला. संशोधकाला ठरवूनही मिळणार नाही अशी ती वेळ होती. भूकंपानंतर 10 दिवसांनी आणि पुन्हा 7 आठवड्यांनी तपासलं, तेव्हा आधीपासून उगाळण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्यांमध्ये नैराश्याची लक्षणं जास्त आढळली. आधीची मनःस्थिती हिशेबात धरूनही.

तर मग आपण चिंतन करतोय की उगाळतोय, हे कसं ओळखायचं? माझी एक ढोबळ कसोटी आहे. कालचं वाक्य आजही जसंच्या तसं आलं, तर ते उगाळणं. चिंतनात काहीतरी नवा तपशील सापडतो, मग तो कितीही क्षुल्लक असो. आणि चिंतन संपतं. माणूस उठतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. उगाळणाऱ्याला उठवावं लागतं.

नुसतं डोळे मिटून बसणं माझ्या मते सुरुवातीला टाळावं. बऱ्याच जणांना ते झेपत नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. विल्सन यांच्या 2014 च्या एका प्रयोगात लोकांना 15 मिनिटं रिकाम्या खोलीत विचार करत बसायला सांगितलं होतं. सोबतीला एक बटण होतं, दाबलं की विजेचा झटका बसे. हाच झटका टाळायला आपण पैसेसुद्धा देऊ, असं ज्यांनी आधी सांगितलं होतं, त्यांच्यापैकी 18 पुरुषांतल्या 12 जणांनी आणि 24 स्त्रियांतल्या 6 जणींनी त्या पाव तासात निदान एकदा तरी स्वतःला झटका देऊन घेतला. हातात पेन असलेलं बरं, ते त्यासाठीच.

पंचनामा

'पंचनामा' या शब्दाला बोलण्यात निंदेचा वास येतो. अमक्याचा पंचनामा केला म्हणजे त्याचे वाभाडे काढले. मूळ अर्थ मात्र अगदी थंड आहे. जागेवर जाऊन जे दिसलं ते, जसं दिसलं तसं, साक्षीदारांसमोर लिहून ठेवणं. काच फुटलेली होती. दाराची कडी आतून लावलेली होती. गुन्हा कोणी केला हे पंचनाम्यात नसतं, आणि 'हा माणूस मुळातच वाईट' हे तर नसतंच नसतं. दिवसाअखेरी स्वतःचं असं काही लिहिता आलं, तर निम्मं काम झालं.

एकाच प्रसंगाच्या दोन नोंदी बघा.

'आज बैठकीत पुन्हा माझा अपमान झाला. माझ्या कामाची इथे कोणाला किंमतच नाही. मीच नेहमी गप्प बसतो.'

'बैठकीत माझा मुद्दा तिसऱ्या वाक्यावर तोडला. मी "असू दे" म्हणालो. पुढची वीसेक मिनिटं काय चाललं होतं ते आठवत नाही. कान गरम झाले होते. बाहेर आल्याबरोबर मोबाइल काढला, काही काम नव्हतं.'

पहिल्या नोंदीत तीन वाक्यं आहेत आणि तिन्ही निकाल आहेत. तिच्यातून उद्या काहीच निघणार नाही, फक्त दुःख पक्कं होईल. दुसरीत 'असू दे' हे दोन शब्द आहेत. ते कोणी आपल्या तोंडात घातले नव्हते. दोन महिन्यांत हेच 'असू दे' आणखी सहा वेळा सापडलं, तर ती कशाची तरी खूण आहे. 'नेहमी', 'कोणालाच', 'कधीच', 'पुन्हा' हे शब्द लेखणीतून उतरले की थांबून एक प्रश्न विचारायचा: किती वेळा? मोजलंय का?

मोजण्यावरून अठराव्या शतकातले अमेरिकन मुत्सद्दी आणि संशोधक बेंजामिन फ्रँकलिन आठवतात. त्यांनी तरुणपणी 13 सद्गुणांची यादी करून एक छोटी वही आखली होती. एका आठवड्यात एका गुणावर विशेष लक्ष, म्हणजे 13 आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार. रोज रात्री जिथे चूक झाली त्या रकान्यात काळा ठिपका. आपल्यात कल्पनेपेक्षा कितीतरी जास्त दोष आहेत हे बघून आपण चकित झालो, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. आणि सगळ्यात जास्त छळलं ते 'व्यवस्थितपणा' या गुणाने. मला त्या सद्गुणांच्या यादीत रस नाही. रस आहे तो ठिपक्यात. 'मी का चुकलो' यावर पानं भरण्याऐवजी त्यांनी 'आज चुकलो का' एवढंच टिपलं, आणि ठिपक्यांनी त्यांना जे सांगितलं ते त्यांच्या स्वतःबद्दलच्या मतापेक्षा वेगळं निघालं.

त्याच्याही सतराएक शतकं आधी रोममध्ये सेनेका हा तत्त्वज्ञ रोज रात्री दिवा मालवल्यावर, बायको गप्प झाल्यावर, अख्खा दिवस तपासून बघत असे. त्याच्या वर्णनातला सूर ऐकण्यासारखा आहे. स्वतःपासून तो काही लपवत नाही, पण स्वतःला झोडपतही नाही. पुन्हा असं करू नकोस, या वेळी माफ केलं, अशा थाटात पुढे जातो. ही माफी म्हणजे चोचले नव्हेत, पद्धतीचाच भाग आहे. शिक्षेची भीती असेल तर साक्षीदार फुटतो, हे न्यायालयाला माहीत असतं. आपल्यालाही माहीत असायला हवं.

आजचं आजच का लिहायचं, याला साधं कारण आहे: आठवण राहत नाही, आणि राहते ती वाकडी राहते. 1993 मध्ये डॅनिएल कानेमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना 14 अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात 60 सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्या वेळी तेच 60 सेकंद, शिवाय वर आणखी 30 सेकंद, ज्यांत पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत आणलं. मग विचारलं, यातलं पुन्हा कोणतं कराल? 32 पैकी 22 जणांनी लांबलेला, म्हणजे एकूण जास्त त्रासाचा पर्याय निवडला, कारण त्याचा शेवट जरा बरा होता. आपला आठवडाही आपण असाच लक्षात ठेवतो, एखादा टोकाचा क्षण आणि शेवट. रविवारी रात्री बसून 'आठवडा कसा गेला' असं लिहिलं, तर त्यात बहुतेक रविवारची रात्रच उतरते.

'चिडचिड' या शब्दावर बंदी

नोंदीत भावनांना जागा द्यायचीच, पण नेमकं नाव देऊन. 'मूड नव्हता' आणि 'चिडचिड झाली' हे दोन शब्दप्रयोग कचऱ्याच्या डब्यासारखे आहेत, काहीही टाका, मावतं. मी माझ्या वहीत त्यांच्यावर बंदी घातली आहे.

आपल्या भाषेने यासाठी केवढी सोय करून ठेवली आहे! तीच ती गोष्ट दहाव्यांदा करावी लागली तर तो वैताग. मनात काहीतरी धरून बसलो होतो आणि ते झालं नाही, तर हिरमोड. राग दुसऱ्याचा आहे पण त्याच्यावर काढता येत नाही, म्हणून स्वतःलाच त्रास करून घेतला, तर त्रागा. बोलायचं आहे आणि बोलता येत नाही, ती घुसमट. चारचौघांत कुठे बघावं ते कळेनासं झालं, तर कानकोंडं होणं. हातातोंडाशी आलेलं थोडक्यात हुकलं, की चुटपुट. आपल्याकडून काहीतरी करायचं राहून गेलं, तर रुखरुख. आणि रुसवा, तो तर फार बोलका शब्द आहे. रुसायला समोर कोणीतरी समजूत काढणारं लागतं. परक्यावर कोणी रुसत नाही. म्हणून 'आज तिच्यावर चिडलो' खोडून 'रुसलो' लिहिलं, की आपण तिच्याकडून काहीतरी अपेक्षा करत होतो हे आपोआप कागदावर येतं. 'का' न विचारता कारणाच्या जवळ जाण्याची ही वाट आहे.

नाव देण्याचा परिणाम शरीरातही दिसतो. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द निवडायला सांगितला, तेव्हा धोक्याची घंटा वाजवण्यात सहभागी असलेल्या अमिग्डला या भागाची हालचाल कमी झाली.

प्रसंग फारच झोंबलेला असेल तर आणखी एक युक्ती आहे: 'मी'च्या जागी स्वतःचं नाव घालून लिहायचं. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या 2014 च्या प्रयोगांत भाषणाआधी स्वतःशी बोलताना स्वतःचं नाव वापरणाऱ्यांना 'मी, मी' करणाऱ्यांपेक्षा कमी त्रास झाला आणि त्यांचं भाषणही सरस ठरलं. अभंगाच्या शेवटी कवी स्वतःचंच नाव घेऊन 'म्हणे' म्हणतो, ते मला अलीकडे यामुळे वेगळं वाटायला लागलं आहे. तिथे ती नाममुद्रा आहे, हेतू निराळा. पण क्षणभर तो स्वतःच्या शेजारी जाऊन उभा राहतो हे खरंच.

मागची पानं

लिहिणं हे अर्धंच काम. खरा माल मिळतो तो मागची पानं वाचताना, आणि हे बहुतेक जण करत नाहीत. महिन्यातून एकदा, एका बैठकीत, दुसऱ्या कोणाची वही वाचतोय अशा नजरेने वाचायचं. एकेका दिवसात काही दिसत नाही. तीस दिवस ओळीने लावले की उंचवटे दिसतात.

मी स्वतःला कित्येक वर्षं भिडस्त समजत होतो. नाही म्हणता येत नाही, लोक गैरफायदा घेतात, काय करणार, स्वभाव! वर्षभराच्या नोंदी एकदा पेन्सिलने खुणा करत वाचल्या. 'नाही' म्हटलेले प्रसंग भरपूर होते. घरच्यांना नाही म्हटलं होतं, जुन्या मित्रांना म्हटलं होतं, हाताखालच्या मुलांना तर सर्रास. 'हो' म्हटलं होतं ते ज्यांचं माझ्याबद्दलचं मत चांगलं व्हावं असं मला वाटत होतं, त्या चार-पाच माणसांना. भीड वगैरे काही नव्हती. कौतुकाची भूक होती, आणि तिची किंमत घरचे भरत होते. डोळे मिटून कितीही तास बसलो असतो तरी हे मला दिसलं नसतं, कारण 'भिडस्त' हा शब्द मला आवडत होता.

अंदाजही लिहून ठेवावेत. एखाद्या मोठ्या गोष्टीआधी 'हे झालं तर मला काय वाटेल, आणि किती दिवस' हे तारखेसह लिहायचं. डॅनिएल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये अमेरिकेतल्या प्राध्यापकांना विचारलं होतं, नोकरी कायम झाली नाही तर पुढच्या वर्षांत किती सुखी असाल? पहिली पाच वर्षं तरी आपण बरेच कमी सुखी असू, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ज्यांची कायम झाली आणि ज्यांची झाली नाही, त्यांच्या सुखात फारसा फरक निघाला नाही. आणि अंदाज आधी लिहिलेलाच हवा. गोष्ट घडून गेल्यावर 'मला वाटलंच होतं' म्हणण्यात आपण सगळेच पटाईत असतो.

आता दुसऱ्यांना विचारण्याबद्दल. 'मी कसा माणूस आहे?' असं विचारलं तर चांगला माणूस आहेस एवढंच ऐकायला मिळतं. तो प्रश्न नसून कौतुकाची मागणी असते, आणि समोरच्याला ते कळतं. प्रश्न अरुंद ठेवावा. 'मी तुझं बोलणं मध्येच तोडतो का? शेवटचं कधी तोडलं?' विचारायचं एकालाच, आणि उत्तर मिळाल्यावर फक्त 'बरं' म्हणून वहीत लिहायचं. तिथे स्पष्टीकरण द्यायला लागलात की समजा, प्रवक्ता उठून उभा राहिला.

रोज किती वेळ? दहा मिनिटं पुष्कळ झाली. चार-पाच ओळी. दिवस चुकला तर चुकला, मागचं भरून काढू नये. भरून काढलेली नोंद म्हणजे पुन्हा प्रवक्त्याचीच कहाणी.

एक सावधगिरी. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांना सलग 4 दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या जखमेबद्दल लिहायला सांगितलं. त्यांना पुढच्या सहा महिन्यांत डॉक्टरकडे कमी जावं लागलं. तो अभ्यास गाजला, पण नंतरच्या शंभरावर अभ्यासांची गोळाबेरीज केली तेव्हा फायदा सरासरीने लहानच निघाला. शिवाय त्या पहिल्या अभ्यासातही लिहून उठल्यावर लगेच विद्यार्थ्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं. तेव्हा ताज्या आघातावर स्वतःला जबरदस्तीने लिहायला बसवू नका. आणि दोन आठवडे पानामागून पान तोच काळोख उतरत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही मिटून डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जायचं. ते काम वहीचं नाही.

मागच्या महिन्यात एक जुनी वही चाळताना मला एक नोंद सापडली. 'आजही त्याला फोन केला नाही. अकरावा दिवस.' अक्षर माझं, तारीख घातलेली. हा 'तो' कोण, आणि अकरा दिवस मी कशासाठी मोजत होतो, ते काही केल्या आठवलं नाही. आधीची दहा पानं उलटून पाहिली, तिथेही नाव नव्हतं. त्या दिवसापासून मी नोंदीत सर्वनाम वापरत नाही.